पट्टा थांबल्यावर

“ऊठ,” डॉक्टर बाई म्हणाल्या.

वैजू उठली. बाईंनी तिच्या छातीवर नळी टेकवली, डोळे मिटले आणि ऐकत राहिल्या.

“आता बस. उकिडवी.”

वैजू बसली. बाईही तिच्याबरोबर खाली वाकल्या, नळी तिथंच धरून.

“ऊठ.”

असं चार वेळा झालं. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसले होते आणि माझा पारा चढत चालला होता. उठाबशा तर मी रोज सकाळी साठ पोरींकडून काढवून घेते. त्यासाठी पस्तीस किलोमीटर जीपमधून हाडं खिळखिळी करून मिरजेला यायचं आणि दोन तास रांगेत बसायचं, याला काही अर्थ आहे का? माझ्या शेजारी वैजूचे वडील, आण्णा खोत, टोपी हातात घेऊन उभे होते. बसा म्हटलं तरी बसत नव्हते.

“उभी राहिली की आवाज वाढतो,” बाई स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. “बसली की निवतो.”

“कसला आवाज?” मी विचारलं.

“काळजातून रक्त बाहेर पडताना होतो तो.”

“मग निवतो म्हणजे चांगलंच की.”

बाई माझ्याकडे बघून थोडं हसल्या. “सोनोग्राफी करून घेऊ हृदयाची. मग बोलू.”

शिरगावकर बाई असं त्यांचं नाव. वय पस्तिशीचं, आवाज एवढा हळू की मला दोनदा ‘काय?’ म्हणावं लागायचं. माझा आवाज मैदानापलीकडच्या पानपट्टीपर्यंत जातो. मी थोरवत मॅडम, आमच्या गावच्या हायस्कुलात क्रीडाशिक्षिका आणि खो-खोची कोच. तेव्हा मला एकोणीस वर्षं झाली होती शिट्टी वाजवून. एकोणीस वर्षांत जिल्ह्याला माझ्या पोरी किती गेल्या ते मोजलं नाही, राज्याला सात गेल्या. देशाच्या शिबिराला एकही नाही.

वैजयंता खोत पहिली. सतरा वर्षांची, अंगानं काटकुळी, खांबावर सूर मारून गडी बाद करायची तेव्हा प्रेक्षक उठून उभे राहायचे. तिचं नाव शिबिराच्या यादीत लागलं होतं. सोमवारी पुण्यात हजर व्हायचं. पण निवड चाचणीच्या शेवटच्या सामन्यात बाद होऊन मैदानाबाहेर चालत येताना ती धाडकन पडली. अर्ध्या मिनिटात उठून बसली, पाणी प्यायली, ‘काही नाही, ऊन लागलं’ म्हणाली. तिथल्या अधिकाऱ्यांनी मात्र लिहून दिलं, हृदयाच्या डॉक्टरांचा दाखला आणा, नाहीतर जागा पुढच्या मुलीला. मुदत शनिवारपर्यंत. आज होता गुरुवार.

सोनोग्राफी झाली. बाईंनी आम्हाला तिघांना आत बोलावलं आणि पडद्यावर बोट ठेवलं. करड्या रंगाचं काहीतरी उघडझाप करत होतं. मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही.

“ही हृदयाची मधली भिंत. जाड आहे.”

“मग चांगलंय की,” मी म्हटलं. “खेळाडू पोरगी. दंड, पोटऱ्या जाड होतात, तसं काळीजही होणारच.”

“होतं ना. पण खेळणाऱ्या मुलींचं साधारण बारा मिलिमीटरपर्यंत. हिचं चौदा आहे.”

“दोन मिलिमीटरचं काय घेऊन बसलात?”

“तेच मला कळत नाहीये,” बाई म्हणाल्या. डॉक्टरनं असं तोंडावर सांगितलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. “खेळामुळं म्हणावं तर जास्त आहे, आजार म्हणावा तर कमी. आजार असेल तर पळताना ही भिंत रक्ताची वाट अडवते. शांत पडल्यावर सगळं बरं दिसतं. आता त्या वाटेवरचा दाब बघितला, दहा. काहीच नाही. पण ही काही शांत पडून खेळत नाही.”

आण्णांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं. “मोटारीच्या पायपाचं तोंड आवळलं तर मोटार तापती, तसं?”

“अगदी तसं,” बाई म्हणाल्या. “घरात कुणी अचानक गेलंय का? तरुणपणी? हृदयानं?”

“हृदयानं न्हाई कुणी.”

“मग काय करायचं आता?” मी विचारलं. शनिवार माझ्या डोक्यात घणासारखा वाजत होता.

“सरकत्या पट्ट्यावर पळवू. दम लागेपर्यंत. आणि थांबल्याबरोबर, एका मिनिटाच्या आत, सोनोग्राफी करू. तेव्हा दाब चढला तर आजार. नाही चढला तर तुमचं म्हणणं खरं.”

“आणि चढला तर खेळ?”

“बंद,” बाई म्हणाल्या. “असल्या आजारात मुलं मैदानावर जातात. परत येत नाहीत.”

वैजू म्हणाली, “पळवा की मग. पळायचंच काम आहे आमचं.”

ती खोली अजून डोळ्यासमोर आहे. एका बाजूला पळायचा पट्टा, मध्ये हिरवा पडदा, पलीकडे कॉट आणि सोनोग्राफीचं मशीन. पडद्यापलीकडे डॉक्टर बाई तयार बसलेल्या. अलीकडे नसीमा सिस्टर, गोल चेहऱ्याच्या, हसऱ्या, पट्ट्याचं बटण त्यांच्या हाती. वैजूच्या छातीवर दहा ठिकाणी चिकटपट्ट्या आणि वायरी, दंडाला रक्तदाबाचा पट्टा. पोरगी लाजली होती, म्हणून मला आत थांबू दिलं. आण्णा बाहेर.

“पट्टा थांबला की सरळ येऊन डाव्या कुशीवर झोपायचं,” पलीकडून बाई म्हणाल्या. “वेळ घालवायचा नाही. दर सेकंदाला दाब उतरत जातो.”

वैजू पळायला लागली. दर तीन मिनिटांनी पट्टा चढा व्हायचा आणि वेग वाढायचा. नऊ मिनिटं झाली, बारा झाली. नसीमा सिस्टर म्हणाल्या, “या अल्ला, ही थकतच नाही की.” मला असा अभिमान वाटला म्हणून सांगू. टाळ्याच काय त्या वाजवायच्या राहिल्या होत्या. चौदाव्या मिनिटाला वैजूच्या ओठांचा रंग उतरला, तिनं हात वर केला, आणि सिस्टरनी बटण दाबलं.

पट्टा थांबला. वैजू खाली उतरली आणि बसली.

उकिडवी. दोन्ही टाचा टेकून, हात जमिनीवर, मान खाली. आमच्या खेळात आठ जणी रांगेत अशाच बसतात. नववी पळते, कुणाच्या तरी पाठीवर ‘खो’ देते आणि तिच्या जागी तशीच बसते. बसलेली उठून पळते. दिवसातून शंभर वेळा पळायचं, शंभर वेळा बसायचं. मला त्यात काही वेगळं दिसलंच नाही. नसीमा सिस्टर हसल्या. “अगं, झोपायचंय, बसायचं नाही.” मग वायर दंडाच्या पट्ट्यात अडकली, ती आम्ही दोघींनी सोडवली. वैजू खाली मान घालून श्वास घेत राहिली. मग मी तिला हात दिला, ती उठली, पडद्यापलीकडे जाऊन झोपली.

“उशीर झाला का?” बाईंनी विचारलं.

“नाही, नाही,” मी म्हटलं. “लगेच आली.”

खोटं बोलायचं म्हणून नाही बोलले. आमच्या हिशेबात पळणं आणि बसणं ही एकच हालचाल. त्यात वेळ गेला असं मला वाटलंच नाही. निदान त्या वेळी तरी नाही वाटलं. नंतर किती वेळा आठवून बघितलं, की मला कुठंतरी आत ठाऊक होतं का? अजून सांगता येत नाही.

बाई बराच वेळ मशीनच्या पडद्याकडे बघत होत्या. मग मशीन बाजूला केलं.

“अठ्ठावीस,” त्या म्हणाल्या. “तिसाच्या आत आहे. वाट अडलेली दिसत नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे कागदावर तरी काही सापडत नाही.” त्यांच्या कपाळावरची आठी मात्र गेली नव्हती. “पण मग ही पडली का? आणि उभ्यानं तो आवाज का वाढतो? माझं समाधान होत नाहीये, मॅडम.”

“ऊन लागलं होतं,” मी म्हटलं. वैजूनंही तेच म्हटलं. आम्ही दोघी एकदमच बोललो.

बाईंनी दाखला लिहिला. तीन महिन्यांनी परत दाखवायला या, असं खाली दोनदा अधोरेखित केलं. बाहेर आल्यावर आण्णांनी कागद कपाळाला लावला आणि मिरजेच्या स्टँडवर आम्हाला दोघींना उसाचा रस पाजला. वैजूनं तर दोन ग्लास संपवले. जीपमध्ये ती माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. मी कागद पर्समधून चारदा काढून वाचला.

शुक्रवारी सकाळी सहा वाजता मैदान. वैजूला मी सांगितलं होतं, आज आराम कर. पण ती ऐकतेय होय? सगळ्यांच्या आधी येऊन खांबाला पाणी घालून, हळदकुंकू लावून बसली होती. पोरींनी तिला उचलून घेतलं. मीही ओरडले नाही त्या दिवशी.

सराव सुरू झाला. वैजू पाठलागावर. पळाली, खो दिला, बसली. उठली, पळाली, सूर मारला, खो दिला, बसली. मी शिट्टी तोंडात धरून बघत होते. बसली की दहा-बारा श्वासांत तिचा रंग परत यायचा. उठली की ताजी.

“मॅडम,” धाकट्या गटातली एक पोरगी म्हणाली, “वैजूताईला आज पळती द्या ना. आम्ही तिला बाद करतो.”

पळती म्हणजे बाद होईपर्यंत नुसतं पळत राहायचं, चुकवत राहायचं. त्यात बसणं नसतं. मी सवयीनं म्हटलं, “वैजू पळती करत नाही.”

“का नाही करत?”

खरंच की, का नाही करत? मी शिट्टी तोंडातून काढली. वैजू सहावीत माझ्याकडे आली तेव्हा पळतीच करायची. हरणासारखी पळायची, पण बाद होऊन बाहेर आली की भोवळ यायची तिला. दोनदा पडलीही. मी म्हटलं होतं, पोरीत दम नाही, हिला पाठलागाला घेऊ, पळतीला शेवटच्या तुकडीत ठेवू, म्हणजे पाळीच येणार नाही. आणि सांगितलं होतं, चक्कर आली की उभी राहू नकोस, खाली बस. बसली की चक्कर जायची. पाच वर्षं मी तिला बसायला शिकवत होते.

निवड चाचणीत मात्र तिला पळती करावी लागली. तिथं नऊच्या नऊ जणींना दोन्ही यावं लागतं. बाद होऊन ती चालत बाहेर आली. उभ्यानं.

उभी राहिली की आवाज वाढतो. बसली की निवतो.

मी पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर जाऊन बसले. एकदा वाटायचं, छे, मी कोण मोठी डॉक्टर, मशीननं सांगितलंय की चांगलं आहे. लगेच वाटायचं, मशीननं बसलेल्या पोरीचं बघितलं, पळणाऱ्या पोरीचं नाही. आणि मीच म्हटलं लगेच आली. पर्समध्ये दाखला होता. सोमवारी पुणे. एकोणीस वर्षं. मी गप्प बसले असते तर कुणालाच कधी कळलं नसतं.

वैजूला बोलावलं. “काल पट्ट्यावरून उतरल्यावर तू बसलीस का गं?”

“म्हणजे?”

“झोपायला सांगितलं होतं ना. मग बसलीस का?”

तिनं माझ्याकडे वेड्यासारखं बघितलं. “डोळ्यांपुढं अंधारी आली होती. मग बसायचंच ना? तुम्हीच शिकवलंय.”

“आणि बसल्यावर?”

“गेली की अंधारी. का हो, मॅडम?”

“काही नाही,” मी म्हटलं. “जा, पाणी पी.”

डॉक्टर बाईंना फोन लावून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “किती वेळ बसली होती?”

“वायर सुटेपर्यंत. मिनिटभर तरी.”

“उद्या सकाळी नऊला घेऊन या. दाखला बरोबर आणा.”

आता मी जे केलं ते सांगायला मला अजून लाज वाटते. वैजूला आणि आण्णांना मी सांगितलं, दाखल्यावर शिक्का राहिलाय, परत जायला लागतंय. खरं सांगायची हिंमत झाली नाही. एवढी ओरडणारी बाई मी, पण त्या पोरीला तोंडावर सांगता येईना, की बाळ, मी तुझा कागद फाडायला चाललेय.

शनिवारी पट्टा दिसल्यावर वैजूला कळलं. ती दारातच थांबली.

“मॅडम, तुम्ही तर शिक्का राहिलाय म्हणाला होता.”

मी सांगितलं सगळं. भोवळ, बसणं, पळती, मी म्हटलेलं ‘लगेच आली’. आण्णा एकदा माझ्याकडे आणि एकदा पोरीकडे बघत होते. वैजूचं तोंड लालबुंद झालं.

“परवा चांगलं आलंय,” ती म्हणाली. “लिहून दिलंय. तुम्हाला का बघवत नाही माझं?”

“वैजू.”

“न्हाई, सांगा ना. सगळ्या कोच पोरींना पुढं ढकलतात. तुम्ही मागं ओढताय.”

डॉक्टर बाई हळूच म्हणाल्या, “तुझी इच्छा नसेल तर मी करणार नाही. पण मग त्या दाखल्यावरची माझी सही मला काढून घ्यावी लागेल.”

वैजू थोडा वेळ नखं कुरतडत उभी राहिली. मग स्वतःच ओढणी काढून माझ्या अंगावर फेकली. “करा. परत चांगलंच येणार. मग बघते मी तुमच्याकडं.” शेवटचं वाक्य मला होतं.

या वेळी पडदा सरकवून ठेवला होता. बाई मशीन ओढून पट्ट्याच्या अगदी शेजारी घेऊन आल्या. “आज उभ्यानंच बघायचं,” त्यांनी मला सांगितलं. “पट्टा थांबला की मी तिथंच प्रोब लावणार. ती बसायला जाईल. तिला बसू द्यायचं नाही. जमेल तुम्हाला?”

“जमेल,” मी म्हटलं.

वैजू पळाली. परवासारखी नाही, रागानं पळाली. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. मी मनात म्हणत होते, देवा, माझं खोटं ठरव. मला सगळ्या गावासमोर मूर्ख ठरव. चौदा मिनिटं होऊन गेली तरी ती हात वर करेना. सोळाव्या मिनिटाला सिस्टरनीच बटण दाबलं.

पट्टा थांबला आणि तिचे गुडघे वाकले. मी तिचा दंड धरला. दोन्ही हातांनी, सगळा जोर लावून.

“मॅडम, बसू द्या.”

“नाही.”

“मॅडम, सोडा. अंधारी येतेय.”

“उभी राहा, वैजू. थोडंच.”

बाईंचा हात तिच्या छातीवर होता आणि डोळे मशीनच्या पडद्यावर. वैजूचा सगळा भार माझ्या हातांवर येत चालला होता. तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. त्या डोळ्यांत राग नव्हता. तिला काही कळतच नव्हतं. पाच वर्षं चक्कर आली की बस म्हणणारी बाई आज तिला बसू देत नव्हती.

“सोडा ना ओ,” ती लहान पोरीसारखं म्हणाली.

“झालं,” बाई म्हणाल्या. “झोपवा. पाय वर करा तिचे. सिस्टर, पाय.”

आम्ही तिला कॉटवर घेतलं. नसीमा सिस्टरनी तिचे पाय स्वतःच्या खांद्यावर घेतले. दोन मिनिटांनी तिच्या ओठांवर रंग आला. मशीनवर आकडा तसाच थांबवून ठेवला होता. एकशे चार.

परवा अठ्ठावीस. आज एकशे चार. पोरगी तीच, पट्टा तोच, मशीन तेच.

आण्णांना आत बोलावून बाईंनी सगळं समजावून सांगितलं. आजार आहे, गोळ्या घ्यायच्या, जगता येईल, चांगलं जगता येईल, पण पळायचं नाही. आण्णा टोपी चुरगाळत ऐकत होते. बाईंचं बोलून झालं तरी ते हलले नाहीत.

“माझा धाकटा भाऊ,” ते म्हणाले, “पट्टीचा पोहणारा. बावीस वर्षांचा. भरल्या विहिरीला चार येढे मारायचा. एक दिवस चौथ्या येढ्याला खाली गेला तो गेलाच. सगळी म्हणाली बुडाला. मला कधी कळलंच न्हाई, ह्यो बुडल कसा.”

बाई त्यांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. “तुम्हालाही तपासायला हवं,” त्या म्हणाल्या. आण्णांनी मान हलवली. त्यांचं लक्ष नव्हतं. ते त्या विहिरीपाशीच होते.

दाखला मी परत केला. बाईंनी तो फाडला नाही. आडवी रेघ मारून फाइलला लावला. वैजू कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. ती म्हणाली, “हात काढा.”

जीपमध्ये ती पुढं ड्रायव्हरशेजारी बसली. शाळेच्या फाट्यावर उतरताना माझ्याकडे न बघता म्हणाली, “तुम्ही माझं वाटोळं केलं, मॅडम.” पुण्याच्या शिबिराला यादीतली पुढची मुलगी गेली. कुठली होती, कुणाची होती, मी चौकशी केली नाही.

पुढची चौदा वर्षं वैजू माझ्याशी बोलली नाही. बातम्या मला कळायच्या. बारावी झाली, पोस्टात लागली, लग्न झालं, गोळ्या चालू आहेत. बाजारात समोर आली तर रस्ता बदलायची. एकदा पोस्टात रजिस्टर टपाल करायला गेले, तर खिडकीत ती. तिनं पाकीट वजन केलं, शिक्का मारला, पावती दिली आणि म्हणाली, “पुढचे या.” तिथून बाहेर आले आणि पायरीवर उभी राहून रडले. पण ती जिवंत होती, शिक्के मारत होती, हेही मनात होतंच. मी बरोबर केलं का चूक, असं मला कुणी विचारलं असतं तर मी बरोबरच म्हटलं असतं. तरी रडू यायचंच.

गेल्या वर्षी मी निवृत्त झाले. मैदान काही सुटलं नाही. संध्याकाळी जाते, नव्या कोचला नको तेवढं सांगते. मागच्या महिन्यात टाकीच्या कट्ट्यावर बसले होते, तर शेजारी कुणीतरी येऊन बसलं. बघते तर वैजू. थोडी भरलीय अंगानं. कपाळावर एक पांढरी बट.

ती समोर बघत होती. धाकट्या पोरींचा सराव चालला होता.

“ती निळ्या फ्रॉकमधली माझी,” ती म्हणाली. “ईश्वरी. आठ वर्षांची. मी नको म्हणत होते, शाळेतून स्वतःच नाव देऊन आली.”

“तपासलंयस?”

“दोनदा. पडून केलेली सोनोग्राफी. दोन्ही वेळेला चांगली आली.”

निळा फ्रॉक पळत आला, एकीच्या पाठीवर हात मारून ओरडला आणि तिच्या जागी बसला. उकिडवा, मान खाली, हात जमिनीवर.

“घरी पण असंच करती, मॅडम,” वैजू म्हणाली. “जिना चढली की बसती. सायकलवरनं उतरली की बसती. मी विचारलं का गं, तर म्हणती, खेळात असंच बसतात.”

आम्ही दोघी बघत राहिलो. पोरगी बसली होती. तिच्या पुढंमागं सात जणी बसल्या होत्या, तशाच, टाचा टेकून, माना खाली घालून. कुणाची बैठक खेळाची आणि कुणाची कशाची, एकोणीस आणि चौदा वर्षं या मैदानावर काढलेल्या मला ओळखता येत नव्हतं.

“शनिवारी वेळ घेतलीय,” वैजू म्हणाली. “शिरगावकर बाईंचीच. पट्ट्यावर पळवणार आहेत.” ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. “तुम्ही याल का? तिचा दंड मला धरवणार नाही.”

“किती वाजता?” मी विचारलं.